आभाळाचा आकडा

सरांच्या घरी चहा मिळायच्या आधी शिडी चढावी लागे. पाहुणा कोणीही असो, गॅसची टाकी आणणारा असो की लग्नाची पत्रिका द्यायला आलेली मंडळी असोत, मे महिन्याच्या भर दुपारी सर त्याला अंगणातल्या बांबूच्या शिडीवर चढवत आणि म्हणत, "पत्र्यावर हात ठेवा. सपाट ठेवा. भिऊ नका." परभणीकडच्या माणसाला मे महिन्यातला बाराचा पत्रा काय असतो ते सांगावं लागत नाही. त्यामुळं पाहुणा आधी हसायचा, मग सरांच्या तोंडाकडं बघायचा आणि मग भीत भीत एक बोट टेकवायचा. चटका बसायच्या जागी काहीच बसायचं नाही. ना गरम, ना गार. हात कशावर ठेवलाय तेच कळायचं नाही. खाली उतरलेली माणसं कितीतरी वेळ तो हात दुसऱ्या हातानं चोळत बसत. आमचा पोस्टमन पँटला हात पुसत पुसत गेला, तो त्यानंतर अंगणात आलाच नाही. टपाल कुंपणावरूनच टाकायला लागला.

मीसुद्धा पहिल्या दिवशी चढले होते. झरीच्या शाळेत नवीन नेमणूक झाली होती आणि कोणीतरी सांगितलं म्हणून खोली बघायला गेले होते. भर उन्हात साडी सावरत शिडीवर उभी राहून परक्या घराच्या पत्र्यावर हात ठेवताना माझ्या मनात एकच विचार होता, की हा माणूस येडा आहे आणि खोली दुसरीकडं बघावी. खोली तिथंच घेतली, कारण दुसरीकडं मिळाली नाही.

सर तसे मास्तर नव्हतेच. परभणीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. तीस-बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या प्रयोगाच्या काचा धुतल्या. निवृत्त होऊन गावी आले तसं गावानं त्यांना सर करून टाकलं आणि त्यांनीही नाही म्हटलं नाही. उंच, वाळके, अंगात पांढरा सदरा, पांढराच पायजमा. भेटल्यावर नमस्कार नाही, चमत्कार नाही. "किती?" म्हणून विचारायचे. मला पहिले आठ दिवस कळेना, किती काय. तापमान किती असं त्यांना विचारायचं असे.

अंगणात एका ओळीत दोन खोल्या, मधली भिंत एक, वर पत्रे. एका खोलीत सर आणि त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दुसऱ्या खोलीत मी. त्यांच्या पत्र्यावर सरांनी स्वतः बनवलेला पांढरा लेप होता आणि माझा पत्रा साधा, देवानं आणि दुकानदारानं दिला तसा. भिंतीच्या बरोबर वर लेप संपायचा. खालून बघितलं तर एक सरळ रेघ दिसायची, अलीकडं करडं आणि पलीकडं इतकं पांढरं की दुपारी डोळा ठरत नसे. सर त्यावर वाकून उभे राहिले की उजेड खालून त्यांच्या तोंडावर पडायचा आणि ओळखीचा चेहरा अनोळखी होऊन जायचा. मी अशा वेळी त्यांना हाक मारायचं टाळत असे.

"सर, माझ्याबी पत्र्याला थोडं लावा की," मी पहिल्याच उन्हाळ्यात म्हटलं. माझ्या खोलीत तेव्हा मेणबत्ती आपोआप वाकत होती.

"न्हाई जमायचं, बाई," ते शांतपणे म्हणाले. "तुमची खोली मला तशीच लागती. तुमी उकडल्याशिवाय हिला गार झालं हे मला कळणार कसं?"

म्हणजे भाडं देऊन मी त्यांच्या प्रयोगातली दुसरी परीक्षानळी झाले होते. सकाळ, दुपार, संध्याकाळ ते दोन्ही दारांवर खडूनं आकडे लिहीत. त्यांच्या दारावर लहान आकडा, माझ्या दारावर मोठा. शाळेतून घामानं निथळत यावं आणि आपल्याच दारावर आपल्या हालाचे मार्क वाचावेत, असे माझे दोन उन्हाळे गेले.

त्यांच्या खिशात कायम ती बंदूक असे. कोरोनाच्या दिवसांत दुकानाच्या दारात कपाळावर रोखायचे ना, ती ताप मोजायची बंदूक. सर ती चहावर रोखत, कुत्र्यावर रोखत, माझ्या पोळीवर रोखत. आणि निरभ्र दुपारी अंगणाच्या मधोमध उभे राहून सरळ वर, आभाळावर रोखत. बंदूक टुक करून वाजायची आणि काचेवर आकडा येण्याऐवजी इंग्रजी दोन अक्षरं यायची, 'लो'. मोजता येत नाही इतकं कमी.

"माणसावर रोखून 'लो' आलं तर माणूस गेलेला असतो," सर म्हणत. "आभाळावर रोज येतं. वर बघा. ऊन दिसायलंय ना? त्या उन्हाच्या मागं सगळा अंधार हाय. ह्या टायमालाबी. भर दुपारी बारा वाजताबी. आणि तिथं गारच गार, त्याला तळ न्हाई."

माझ्या पाठीवर त्या उन्हात काटा यायचा. मी म्हणायची, "मग ती थंडी तुमच्या पत्र्यावर उतरते होय?"

याच वाक्याला ते चिडत. एरवी त्यांना चिडलेलं मी पाहिलं नाही. "थंडी येत नसती, बाई. ऊब जाती." हे ते मला, काकूंना, दूधवाल्याला, सगळ्यांना सारख्याच आवाजात सांगत. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक वस्तू आपली ऊब सोडत असते. त्यातली थोडी ऊब अशा जातीची असते की तिला हवा अडवत नाही. ढग नसले की ती सरळ वर जाते, आभाळापलीकडं, आणि परत येत नाही. लेप दोन कामं करतो. उन्हाला आत घेत नाही आणि आतल्या उबेला वरचं दार उघडून देतो. वीज नाही, पंखा नाही, आवाज नाही. पत्रा नुसता पडल्या पडल्या हवेपेक्षा गार होतो.

हे सगळं खूळ काकूंसाठी होतं, म्हणून मी हसत असले तरी दारामागं हसत असे. काकू जिन्यावरून पडल्या होत्या आणि पाठीचा कणा गेला होता. छातीखाली काही कळत नव्हतं. आणि घाम यायचा बंद झाला होता. ज्याला घाम येत नाही त्याला परभणीचा मे महिना मारून टाकतो. डॉक्टरांनी हे सरांना मऊ शब्दांत सांगितलं होतं. कूलर होता, पण लाइटीचा भरवसा नव्हता. मी यायच्या आधी, काकू पडल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात सरांनी पत्र्याला चुन्याचा हात मारला, बरा उपयोग झाला. मग एक वावटळ आली, चुन्यावर मातीचा थर बसला, वर चार थेंब पडले आणि सगळा पत्रा चिखलाच्या रंगाचा झाला. त्या दुपारी लाइट गेली आणि काकूंचं अंग तव्यासारखं तापलं. ओल्या चादरी गुंडाळून, बर्फ आणून सरांनी त्यांना कसंबसं माघारी आणलं. ही गोष्ट ते सांगत नसत, काकूंनीच सांगितली होती.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं. ह्या पत्र्यावर काही म्हणजे काही चिकटू द्यायचं नाही. मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या अळूच्या पानांपुढं ते तासन्‌तास बसायचे. थेंब सोडायचे, पान तिरकं करायचे, थेंब मोत्यासारखा घरंगळायचा आणि जाताना पानावरची धूळ घेऊन जायचा. पोटाचा फोटो काढताना पेशंटला पाजतात ती पांढरी भुकटी त्यांनी कुठून तरी मिळवली, तिच्यात आणखी काय काय घातलं आणि वर पाणी न धरणारा एक थर दिला. अळूच्या पानाची पाठ पत्र्याला चढली. पाऊस पडला तर थेंब धावत सुटत आणि पाऊस थांबताक्षणी पत्रा कोरडा ठणठणीत. कावळ्यांची घाणसुद्धा टिकत नसे.

कावळ्यांचं आणखी एक. उन्हाळ्यात सगळ्या गावातले कावळे चोच उघडी टाकून धापा टाकत असायचे. सरांच्या पत्र्यावर मात्र दुपारी पंधरा-वीस कावळे ओळीनं बसत, चोची मिटून, एक अक्षर न काढता. माझ्या अर्ध्या पत्र्यावर एकही नसे. मी शाळेतून आले की ते सगळे मान वळवून माझ्याकडं बघत. दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि ही मुकी रांग. मी खडूचे आकडे न वाचताच आत शिरायची.

शेजारच्या मावशी, शेतकऱ्याच्या घरच्या, सरळ बोलणाऱ्या. त्यांना तो पत्रा पहिल्यापासून पसंत नव्हता. एकदा सर बाजाराला गेलेले बघून त्या हळद-कुंकवाचं पाणी तांब्यात घेऊन आल्या आणि नजर उतरावी म्हणून त्यांनी ते पत्र्यावर फेकलं. पाणी क्षणभरही थांबलं नाही. तसंच्या तसं खाली आलं आणि मावशींच्या पायावर पडलं. पांढरा पत्रा पांढराच राहिला आणि मावशींची पावलं लाल झाली. त्या बराच वेळ पायाकडं बघत उभ्या होत्या.

"ह्ये काय घेतच न्हाई, बाई," त्या मला म्हणाल्या. "देवाचं बी घेत न्हाई. मग ह्ये हाय कुणाचं?"

मला हसायला आलं नाही.

काकूंना मात्र त्या पत्र्याची भीती नव्हती. त्या दिवसभर पाठीवर पडून त्याच्याकडंच बघत. मी शाळा सुटल्यावर त्यांच्याजवळ बसायची. गप्पा चालू असताना त्या मधेच थांबत. "गप बस जराशी. वर कुणीतरी बघायलंय."

"कोण बघतंय काकू? कावळे असतील."

"कावळे न्हाईत गं. लय वरून. पत्र्याला डोळा फुटलाय." हे त्या इतक्या साधेपणानं सांगत, जसं काय दूध उतू जायलंय. सरांच्या कानावर गेलं तर ते खूश होत. "बरोबर हाय. पत्रा वर बघायलाय. ज्याला वरचं दिसतं त्याचीच ऊब जाती." नवरा-बायकोत या विषयावर कधी भांडण झालं नाही, हेच मला जास्त भेसूर वाटायचं.

आता जे सांगायचंय ते माझ्या चुकीचं आहे, म्हणून पटकन सांगते.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर थंडी लवकर पडली. आमच्या परभणीच्या थंडीचं पेपरात नाव येतं, तशातली थंडी. एका संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, "बाई, सकाळी तोंडावर पाणी पडायलंय. पत्रा रडायलाय." आणि माझ्याकडं टक लावून बघत म्हणाल्या, "तुझ्याबी डोक्यावरून वाफ जायलीय बघ, वर." मी घाबरले. शाळेच्या परीक्षा आहेत असं सांगून उठले आणि त्यानंतर आठ-दहा दिवस तिकडं गेलेच नाही. भिंतीपलीकडून त्यांची हाक यायची, मी भांडी वाजवायची. पाण्याचं मी सरांना सांगितलं नाही. ते पाणी खरं होतं. पत्रा आतून इतका गार पडत होता, की पहाटे खोलीतल्या हवेतली वाफच त्याला थेंब होऊन धरत होती आणि खाली गळत होती. मला वाटलं, काकूंच्या डोळ्यासारखंच तेही.

आणि सरांना कसं कळलं नाही? ते तर त्याच खोलीत खाली अंथरूण टाकून झोपत. पण दोन वर्षं लहान आकडा म्हणजे चांगला आकडा अशी त्यांच्या डोळ्यांना सवय लागली होती. मार्गशीर्षातसुद्धा ते रोज दारावर लिहीत होते आणि आपला आकडा माझ्यापेक्षा लहान बघून समाधानानं खडू खिशात टाकत होते. पत्र्याला ऋतू कळत नाहीत हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. उन्हाळ्यात उघडलेलं दार हिवाळ्यात लावायचं कसं, याचा त्यांनी विचारच केला नव्हता.

एका सकाळी, उजाडत होतं, माझं दार वाजलं. उघडलं तर सर उभे. हातात बंदूक.

"बाई," ते म्हणाले, "हिच्यावर आभाळाचा आकडा यायलाय."

मला आधी अर्थ लागला नाही. मग त्यांनी बंदूक पुढं केली. काचेवर ती दोन अक्षरं होती.

काकू जिवंत होत्या. डोळे उघडे, ओठ जांभळे, बोलणं फार सावकाश. अंग कुडकुडत नव्हतं, तेच वाईट होतं. छातीखाली त्यांना थंडी कळणारच नव्हती. गोधडीवर पाण्याचे बारीक ठिपके पडले होते. "लय बरं वाटायलंय," त्या म्हणाल्या. "वरून बोलवायलेत."

"कुणी बोलवायलं न्हाई," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

मी मावशींना हाका मारल्या. तिघांनी मिळून गोधडीसकट काकूंना उचललं आणि माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर आणून टाकलं. मी गॅसवर पाणी ठेवलं, बाटल्या भरून त्यांच्या काखेत दिल्या, मावशी त्यांना मिठी मारून पडल्या. सूर्य वर आला. माझा पत्रा, ज्याला मी दोन उन्हाळे शिव्या दिल्या होत्या, तो कडकड वाजत तापायला लागला. थोड्या वेळानं काकूंना कापरं भरलं आणि त्यांनी मावशींना शिवी दिली, अंग चेपतीस कामून म्हणून. सर खाली बसले, दोन्ही हात जमिनीला टेकून. भिंतीच्या पलीकडं तेच ऊन त्यांच्या पत्र्यावर पडत होतं आणि पत्रा थंडगार होता.

काकूंना दवाखान्यात नेऊन आणलं, त्या बऱ्या झाल्या. घरी आल्या त्या दिवशी दुपारी सर बादलीत शेणकाला कालवून शिडी चढले. पत्रा काळा करायचा, ऊन धरायला लावायचं. त्यांनी शेण सारवलं आणि शेण गोळे होऊन घसरलं. गेरू ओतला, तो धावत खाली आला. चुलीची काजळी पाण्यात कालवून लावली, तिचे काळे मणी झाले आणि पन्हाळीतून टपटप गळाले. अंगणात लाल-काळा चिखल झाला. पत्रा हसल्यासारखा पांढरा. सर मधोमध गुडघ्यावर बसले होते. त्यांनी दोन्ही तळवे त्यावर घासले, मग उचलून स्वतःपुढं धरले आणि नुसते बघत राहिले. मी शिडीच्या पायऱ्यांवर उभी होते. मला त्यांचं तोंड खालून आलेल्या उजेडात दिसत होतं आणि या खेपेला ते मला ओळखू आलं. म्हाताऱ्या, घाबरलेल्या माणसाचं तोंड होतं ते. मला फार वाईट वाटलं, आणि काकूंनी सांगितलेलं पाण्याचं मी लपवलं, ते त्याच क्षणी त्यांना सांगून टाकलं. त्यांनी मान हलवली फक्त.

अक्कल मावशींची. "लावता कामून? झाका की," म्हणाल्या. त्यांच्या घरच्या गंजीतून कडब्याच्या पेंढ्या आल्या, पत्र्यावर अंथरल्या, वर दोऱ्या आणि दगड. खोली त्या दिवसापासून माणसांची झाली. ज्या पत्र्यावर सरांनी कधी वाळलेलं पान पडू दिलं नव्हतं, त्यावर दर वर्षी दिवाळीच्या पाडव्याला कडबा चढायचा आणि गुढीपाडव्याला उतरायचा. गावात लोकांना वाटायचं तो काही नवस आहे. सरांनीही तसं वाटू दिलं.

पुढं माझी बदली ताडकळसला झाली. अधूनमधून फोन व्हायचा. पलीकडून आधी "किती?" यायचं, मग बाकीचं. काकू त्यानंतर पाच उन्हाळे जगल्या. श्रावणात एका दुपारी झोपेत गेल्या. सरांनी फोनवर सांगितलं, "बाहेर ढग होते. पत्रा काहीच करत नव्हता. त्याचा काही दोष न्हाई."

त्याच हिवाळ्यात मावशींचा फोन आला. "बाई, येऊन जा. सर कडबा टाकू देईनात. सकाळी त्यांचे हात निळे असतात."

मी रविवारी गेले. दुपारी बाराच्या सुमाराला पोचले. पत्रा उघडा होता, तसाच पांढरा, त्यावर तशीच मुकी रांग. दोन्ही दारांवर खडूचे आकडे होते, माझ्या रिकाम्या खोलीच्या दारावरसुद्धा. सर काकूंच्या खाटेवर उताणे पडले होते, पांढऱ्या सदऱ्यात, वर बघत. स्वेटर खुंटीला होता.

"सर, हे काय चाललंय?"

"बसा," ते म्हणाले. "हिच्या अंगातली ऊब सात वर्षं ह्या पत्र्यातून वर गेली. रोज थोडी थोडी. गेलेली ऊब नाहीशी होत नसती, बाई. ती कुठंतरी असती, एवढंच की आपल्याला मोजता येत न्हाई. वर लय गार हाय. मी माझी पाठवायलोय तिच्या मागं."

मी रागावायला आले होते, डोळ्यांत पाणी आलं. विज्ञान आहे, वेड आहे की माया आहे, हे मला आजही सांगता येणार नाही. मग ते म्हणाले, "वर जाऊन या. हात ठेवा. मधोमध."

शिडी चढले. कावळे उडाले नाहीत, नुसते बाजूला सरकले. पत्रा थंड होता, हाडापर्यंत गारठवणारा. मी गुडघ्यावर रांगत मधोमध गेले, जिथं खाली खाट होती, आणि हात ठेवला. तिथं पत्रा ऊबदार होता.

मी हात झटकन मागं घेतला. मग नीट बघितलं. पंज्याएवढी जागा झिजली होती. लेप विरून गेला होता, खालचा करडा पत्रा दिसत होता, बोटं वेगळी ओळखू यावीत इतका स्पष्ट पंजा, आणि त्यात धूळ बसली होती. रोज दुपारी येऊन एकाच जागी हात ठेवून, घासून घासून, सरांनी त्या पत्र्याला तेवढ्या जागी हरवलं होतं. तेवढीच जागा ऊन धरत होती. मी तिथं पुन्हा हात ठेवला. माझा हात त्यात आरामात मावला.

खाली आले तर सर खाटेवर उठून बसले होते. त्यांनी "किती" विचारलं नाही.

"लागली का?"

"लागली, सर," मी म्हणाले. "ऊब आहे."

त्यांनी खुंटीवरचा स्वेटर हात लांब करून काढला. "माघारी यायलीय म्हणजे," ते म्हणाले. "मग मावशींना म्हणावं टाका कडबा. तेवढी जागा मातर सोडा."

मावशींनी आणि मी मिळून त्या दुपारी कडबा अंथरला. पेंढ्या सारून सारून मधोमध एका हाताची जागा मोकळी ठेवली.